गच्चीवर हॉट टब बसवण्याआधी

जुळे सोलापूर, होटगी रोड, विजापूर रोड भागातल्या बंगल्यांतून आमच्याकडे हॉट टबची (गरम पाण्यात बसायच्या टबाची) चौकशी येते, तेव्हा बहुतेकांना आधी रंग आणि किंमत हवी असते. आम्ही आधी स्लॅब बघतो.

कारण पाण्याचे वजन. दोन मीटर लांब-रुंद टबात साधारण १२०० लिटर पाणी मावते, म्हणजे १२०० किलो. टबाचे स्वतःचे अडीचशे-तीनशे किलो आणि आत पाच माणसे धरली, तर एका चौरस मीटरवर साडेचारशे किलोच्या आसपास भार येतो. भारतीय मानकानुसार (आयएस ८७५) घरातल्या खोलीचा स्लॅब चौरस मीटरला साधारण २०० किलो आणि वापरातली गच्ची १५० किलो चालत्या भारासाठी (माणसे, सामान यांच्या वजनासाठी) धरलेली असते. म्हणून स्ट्रक्चरल इंजिनिअरचा लेखी दाखला मिळाल्याशिवाय आम्ही गच्चीवर टब चढवत नाही. गावठाणातल्या माळवदाच्या घरांवर तर नाहीच, कितीही आग्रह झाला तरी. अंगण असेल तर टब जमिनीवरच घ्या, हा आमचा मनापासूनचा सल्ला.

तयार टब नुसता ठेवणे वेगळे आणि त्यासाठी हौद बांधणे, वर शेड टाकणे वेगळे. बांधकाम आले की महापालिकेच्या बांधकाम परवाना विभागाकडे आधी जावे लागते, विशेषतः सामासिक अंतरात (प्लॉटच्या कडेने मोकळ्या सोडायच्या जागेत) काही करणार असाल तर. विनापरवाना बांधकामाला एमआरटीपी (महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना) कायद्याच्या कलम ५३ खाली नोटीस येऊ शकते. अपार्टमेंटची गच्ची सामाईक असते. तिथे सोसायटीची लेखी संमती लागेलच.

विजेबाबत आम्ही तडजोड करत नाही. ३ किलोवॅटचा हीटर १३ अँपिअर ओढतो आणि १२०० लिटर पाणी २५ अंशांवरून ३८ वर न्यायला सहा तास चालतो. १८ युनिट जळतात. इतका वेळ गीझरच्या सॉकेटवर ताण नको. बोर्डातून वेगळी लाइन, स्वतंत्र अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) हवाच. घरात एमसीबी आहे म्हणून निश्चिंत राहू नका. तो जास्त भाराला आणि शॉर्टसर्किटला पडतो. ओल्या अंगातून जाणारी थोडी गळती त्याला कळत नाही, आणि जीव त्या गळतीनेच जातो. काम परवानाधारक वीज ठेकेदाराकडूनच करून घ्या. बिलावरचा मंजूर भार पुरत नसेल तर महावितरणकडे वाढीव भाराचा अर्ज करावा लागेल. आरसीसीबीचे टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबून बघा.

पाणी ४० अंशांच्या वर नेऊ नका. गरोदर स्त्रिया आणि हृदयविकार किंवा रक्तदाबाचा त्रास असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय उतरू नये. पाच वर्षांखालच्या मुलांना तर टबात घेऊच नका. मोठ्यांनाही एका वेळी पंधरा मिनिटे पुरेत. लांब केस बांधून बसावे, कारण पंपाची ओढ केस जाळीत खेचते. जाळी तुटली असेल तर त्या दिवशी टब बंद.

आपल्याकडे नळाला काही दिवसांआड पाणी येते, म्हणून भरलेले पाणी टिकवायला लागते. क्लोरीन किमान ३ पीपीएम (लिटरमागे ३ मिलिग्रॅम) आणि पीएच (पाण्याच्या आम्लतेचे माप) ७ ते ७.८ ठेवा, तपासणीच्या पट्ट्या आम्ही टबासोबत देतो. बोअरच्या जड पाण्याने हीटरवर पांढरा थर बसतो. वापर नसताना कुलपाचे झाकण लावाच: लहान मूल आत पडण्याचा धोका टळतो, आणि क्लोरीन संपलेल्या साचल्या पाण्यात डेंग्यूचे डास होत नाहीत.

आम्ही पाहणीला येऊ तेव्हा घराचा मंजूर नकाशा आणि ताजे वीजबिल काढून ठेवा. टब ठरवायची बोलणी त्यानंतर करू.