मेमरी कार्डाची चाल कोण ठरवते?

शिगम्याच्या दिवसांत फोंडा, पणजी, म्हापशातले फोटोग्राफर मिरवणूक आटोपली की रात्रभर कार्डे रिकामी करत बसतात. तेच कार्ड एका लॅपटॉपवर सरसर चालते, दुसऱ्यावर रेंगाळते, आणि बोल कार्डालाच लागतो. पण कार्डाला क्लॉक, म्हणजे कामाचा ठेका, देतो तो लॅपटॉपमधला कंट्रोलर (कार्डाशी बोलणारी चिप), आणि किती द्यायचा हे ठरवतो ड्रायव्हर, म्हणजे त्या चिपला चालवणारा प्रोग्राम. त्याच्या सावधपणाला जुना इतिहास आहे.

१९९७ मध्ये सॅनडिस्क आणि सीमेन्स यांनी मल्टिमीडिया कार्ड आणले. त्यात एकाच कमांड लाइनवर, म्हणजे हुकूम आणि उत्तरे नेणाऱ्या तारेवर, अनेक कार्डे जोडायची सोय होती. ओळखीच्या वेळी सगळी कार्डे एकदमच आपापला क्रमांक सांगू लागत. ज्याचा बिट शून्य, त्याची सरशी, बाकीची गप्प. हे जमावे म्हणून लाइन ओपन-ड्रेन ठेवलेली असे. कार्ड तिला फक्त खाली ओढी, वर आणायचे काम रेझिस्टरचे. रेझिस्टर ते सावकाश करतो, म्हणून या टप्प्यावर क्लॉक ४०० किलोहर्ट्झच्या वर न्यायचा नाही, असे ठरले. १९९९ च्या एसडी कार्डात प्रत्येक कार्डाला स्वतःची कमांड लाइन मिळाली, तरी ४०० ची मर्यादा राहिली. आज विकत घेतलेले कार्डही पहिली ओळख याच मंद चालीने देते. मला हा या विषयातला सर्वांत सुंदर धागा वाटतो.

ओळख पटली की वेग वाढतो: आधी २५ मेगाहर्ट्झ, पुढे ५०, आणि २०१० च्या यूएचएस-१ या जलद एसडी कार्डांच्या प्रकारात १.८ व्होल्टवर २०८ पर्यंत. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये अशी कार्डे चालवायची व्यवस्था रसेल किंग यांनी २००४ च्या सुमारास उभी केली; एसडीएचसीआय या प्रमाणित आराखड्याच्या कंट्रोलरांचा ड्रायव्हर पिएर ओसमन यांनी लिहिला.

खरी मेख भागाकारात आहे. जुने एसडीएचसीआय कंट्रोलर आपल्या मूळ क्लॉकला २, ४, ८ असे दुप्पट करत २५६ पर्यंतच भागू शकत. मूळ ४८ मेगाहर्ट्झ असेल तर २५ च्या मागणीला २४ मिळतात. मूळ ६६ असेल तर ३३ जास्त होतात, मग थेट १६.५! मागितल्यापेक्षा कमी चालेल, जास्त कधीच नाही, हा ड्रायव्हरचा नियम, आणि तो योग्यच आहे. मर्यादेपलीकडे पळवलेल्या कार्डावर कोणाच्या लग्नाचे फोटो असू शकतात. एसडीएचसीआयच्या तिसऱ्या आवृत्तीपासून कोणत्याही सम संख्येने भागता येते, तरी ६६ मधून २५ च्या आत निघतात ते १६.५च.

फर्मागुडीच्या इंजिनिअरिंग कॉलेजातल्या मुलांनी रास्पबेरी पाय हा मेमरी कार्डावर चालणारा छोटा संगणक हाती घेतला की डीबगएफएसमधली (लिनक्सची आतली माहिती दाखवणाऱ्या फोल्डरातली) ‘आयओएस’ नावाची फाइल जरूर उघडावी. मागितलेला क्लॉक आणि प्रत्यक्ष मिळालेला क्लॉक तिथे वेगवेगळ्या ओळींत दिसतात. कार्ड यूएसबी रीडरमध्ये घातलेले असेल, तर मात्र हा हिशेब रीडरमधली चिप करते. तो या फाइलीत येत नाही.