कुत्र्याच्या ताटातले धान्य : एका वादाची पार्श्वभूमी

पुण्या-मुंबईच्या पेट शॉपमध्ये कुत्र्यांच्या सुक्या खाद्याच्या पिशव्यांवर ‘ग्रेन-फ्री’, म्हणजे धान्यमुक्त, हे शब्द गेल्या काही वर्षांत ठळक होत गेले आणि त्यांच्याबरोबर किंमतही चढत गेली. कुत्रा लांडग्याचा वंशज आहे, गहू-मका-तांदूळ त्याच्यासाठी नाहीत, धान्य म्हणजे कंपनीने स्वस्तात घातलेली भर, असा त्यामागचा दावा. त्यामुळे घरी आणलेल्या लॅबच्या (लॅब्रडोरच्या) पिल्लाला काय घालावे असे विचारणारा माणूस आता पशुवैद्याकडे येतानाच धान्याची धास्ती घेऊन येतो. ही धास्ती इथली नव्हे. ती अमेरिकेत तयार झाली आणि पिशवीबरोबर इथे आली. ती समजून घ्यायची तर २००७ आणि २०१८ या दोन वर्षांकडे नीट पाहावे लागते.

त्याआधीचा इतिहास मोठा असला तरी या वादापुरता थोडक्यात सांगता येतो. माणसाने शेती सुरू केली तेव्हा त्याच्या उष्ट्यावर जगणारा कुत्राही धान्य खाऊ लागला. पहिल्या शतकातल्या रोमन शेतीग्रंथात राखणीच्या कुत्र्याला जवाचे पीठ दुधाच्या निवळीत कालवून घालावे असे सांगितले आहे. आपल्याकडे धनगराच्या कुत्र्याला बाजरीची नाहीतर ज्वारीची भाकरीच मिळत आली. भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव सगळ्यांना ठाऊक आहेत; त्या कथेतल्या कुत्र्याने भाकरीच का पळवली, असे कुणी विचारत नाही. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासाने याला पुरावा दिला. पिष्ट (स्टार्च) पचवणारे विकर (एन्झाइम) बनवणाऱ्या जनुकाच्या लांडग्यात २ प्रती आढळल्या, कुत्र्यांत ४ ते ३०. जातीजातीत फरक आहे, अतिशीत प्रदेशातल्या कुत्र्यांत या प्रती कमी असतात. पण कुत्र्याला धान्य पचतच नाही, हे विधान त्या वर्षानंतर करणे कठीण झाले.

पचते म्हणून पुरते, असे मात्र नाही. हे कळले ते विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, आणि त्याची किंमत कुत्र्यांनीच मोजली. १९१९ च्या सुमारास लंडनमध्ये पिल्लांना मुख्यतः ओटची लापशी देऊन घरात कोंडून ठेवले गेले, त्यांना मुडदूस झाला आणि कॉड माशाच्या यकृताच्या तेलाने तो बरा झाला. ‘ड’ जीवनसत्त्वाचा शोध या प्रयोगांतून पुढे सरकला. अमेरिकेच्या दक्षिणेत मक्याच्या पिठावर पोसलेल्या कुत्र्यांची जीभ काळी पडे. १९३७ मध्ये तो आजार निकोटिनिक आम्लाने, म्हणजे ‘ब’ गटातल्या एका जीवनसत्त्वाने, बरा झाला आणि त्याच कमतरतेने माणसाला होणाऱ्या पेलाग्रा या आजाराचे कोडेही सुटले. दोन्ही ठिकाणी दोष धान्यावरच भागवण्याचा होता.

कारखान्यातले खाद्य तोवर रुळले होते. १८६० च्या दशकात लंडनमध्ये कुत्र्यांसाठीचे पहिले बिस्किट विकायला आले, १९२० च्या दशकात अमेरिकेत डबाबंद घोड्याचे मांस आले, दुसऱ्या महायुद्धात डब्यांसाठी पत्रा मिळेनासा झाल्यावर सुके खाद्य वाढले. १९५७ मध्ये बाजारात आलेले दाणेदार खाद्य नाश्त्याची सीरियल बनवणाऱ्या यंत्रासारख्याच यंत्रातून निघाले होते. दाब आणि वाफेखाली पीठ शिजवून साच्यातून बाहेर ढकलायचे, बाहेर येताच ते फुगते. हे तंत्र पुढच्या वादाच्या मुळाशी आहे, कारण दाणा फुगायला आणि टिकायला पिष्ट लागतेच. धान्य काढले तर पिष्टासाठी दुसरे काहीतरी घालावे लागते. ग्रेन-फ्री पिशवीत म्हणून वाटाणा, मसूर, हरभरा आणि बटाटा दिसतो. धान्यमुक्त म्हणजे पिष्टमुक्त असे समजून दुप्पट पैसे मोजणाऱ्या पालकाला दुकानात हे कुणी सांगत नाही, आणि सांगायला हवे.

मार्च २००७ मध्ये उत्तर अमेरिकेत कुत्र्या-मांजरांची मूत्रपिंडे निकामी होऊ लागली. चीनमधून आलेल्या गव्हाच्या ग्लुटेनमध्ये, म्हणजे गव्हातून काढलेल्या प्रथिनात, मेलामाइन हे प्लास्टिकसाठी वापरले जाणारे रसायन मिसळलेले निघाले. मेलामाइनमध्ये नायट्रोजन भरपूर असतो आणि प्रथिनांची चाचणी नायट्रोजनच मोजते, त्यामुळे हलका माल कसदार दिसत होता. १०० हून अधिक ब्रँडचे खाद्य परत बोलवावे लागले. एकच कारखाना अनेक नावांनी माल बनवतो, हे सामान्य ग्राहकाला तेव्हा पहिल्यांदा कळले. विश्वास तुटणे योग्यच होते. पण विष मेलामाइनचे होते, आणि लोकांच्या मनात गुन्हेगार ठरला गहू. ग्रेन-फ्रीची बाजारपेठ फुलली ती यानंतरच्या दशकात.

आता २०१८. त्या वर्षीच्या जुलैत अमेरिकेच्या अन्न-औषध नियामक संस्थेने जाहीर केले की डीसीएमच्या, म्हणजे डायलेटेड कार्डिओमायोपथीच्या काही नोंदी वेगळ्या दिसत आहेत. या आजारात हृदयाचे कप्पे रुंदावतात, भिंती पातळ होतात आणि रक्त ढकलण्याची ताकद जाते. डॉबरमन, ग्रेट डेन, बॉक्सर या जातींत तो आनुवंशिक आहे. पण इथे गोल्डन रिट्रीव्हर होते, लॅब होते, मिश्र जातीचे कुत्रे होते, आणि त्यांच्या खाद्यातल्या घटकांच्या यादीत वाटाणा, मसूर किंवा बटाटा वरच्या क्रमांकावर होता. हृदयतज्ज्ञ पशुवैद्यांना ही गोष्ट गंभीर वाटायला जुने कारण होते. १९८७ मध्ये मांजरांतला हाच आजार टॉरिन या अमिनो आम्लाच्या कमतरतेमुळे होतो असे सिद्ध झाले, खाद्यात टॉरिन वाढवले गेले आणि मांजरांतला तो प्रकार जवळजवळ नाहीसा झाला. कुत्रा टॉरिन स्वतः बनवू शकतो, म्हणून त्याच्याकडे तेवढे लक्ष नव्हते. तरी २००३ च्या सुमारास न्यूफाउंडलँड जातीच्या कुत्र्यांत टॉरिन कमी आढळले होते, आणि त्यांचे खाद्य होते मेंढीचे मांस आणि भात. म्हणजे त्या वेळी पिशवीत धान्य होते.

जून २०१९ मध्ये नियामकाने पुढचे पाऊल उचलले, आणि वाद पेटला तो तिथे. जानेवारी २०१४ ते एप्रिल २०१९ या काळातल्या ५२४ नोंदींचे विश्लेषण मांडताना १० किंवा अधिक नोंदींत आलेल्या १६ ब्रँडची नावे जाहीर केली गेली. ९० टक्क्यांहून अधिक उत्पादने ग्रेन-फ्री होती, ९३ टक्क्यांत वाटाणा किंवा मसूर होता. आकडे धक्कादायक वाटतात. पण बहुतेक नोंदी २०१८ च्या घोषणेनंतरच्या होत्या. बातमी वाचलेला पालक कुत्र्याची तपासणी करतो, डॉक्टर खाद्य विचारतो, ग्रेन-फ्री निघाले की नोंद करतो, आणि गव्हाचे खाद्य खाणाऱ्या आजारी कुत्र्याची नोंद करायचे कुणाला सुचत नाही. अमेरिकेतले पाळीव कुत्रे सुमारे ७ कोटी ७० लाख. त्यांतले किती जण हे खाद्य खातात आणि त्यांतल्या किती जणांना आजार होतो, याचा हिशेब त्या ५२४ नोंदींतून मांडता येत नव्हता. ज्यांची नावे आली त्या कंपन्यांचा आक्षेप नेमका हा होता आणि तो रास्त होता.

दुसऱ्या बाजूचा, म्हणजे इशारा देणाऱ्या पशुवैद्यांचा मुद्दा मला अधिक वजनदार वाटतो. खाद्य बदलल्यावर काही कुत्र्यांचे हृदय सुधारले. आनुवंशिक डीसीएममध्ये असे सहसा घडत नाही. ज्यांच्या रक्तातले टॉरिन व्यवस्थित होते असेही काही कुत्रे त्यांत होते, म्हणजे हे मांजरांसारखे एका अमिनो आम्लाचे प्रकरण नसावे. सोनोग्राफीवर हृदय सुधारताना पाहिलेल्या डॉक्टरने पालकाला सावध करायचे, की आकडेवारी पूर्ण होईपर्यंत गप्प बसायचे? नावे जाहीर करणे घाईचे झाले असे म्हणता येईल, इशारा देणे मात्र घाईचे नव्हते. डिसेंबर २०२२ मध्ये नियामकाने सांगितले की ठोस नवे विज्ञान हाती आल्याशिवाय यापुढे आकडे प्रसिद्ध केले जाणार नाहीत. कारण सिद्ध झाले नाही, आणि आरोप मागेही घेतला गेला नाही. २०२४ मध्ये हे भांडण अमेरिकेच्या न्यायालयात गेले. आपल्या दुकानांत यातले काही पोचले नाही, पिशवी तेवढी पोचली.

पोचली तेव्हा तिला अडवणारे इथे फारसे काही नव्हते. २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याने अन्नाची व्याख्या करताना पशुखाद्य वगळले, त्यामुळे माणसाच्या बिस्किटाला लागू होणारे नियम कुत्र्याच्या बिस्किटाला लागू होत नाहीत. २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा गुरांचे आणि कोंबड्यांचे खाद्य करमुक्त राहिले, कुत्र्या-मांजरांच्या खाद्यावर १८ टक्के कर बसला. तपासणीच्या वेळी ते पशुखाद्य आणि कराच्या वेळी चैन, अशी त्याची अवस्था झाली, आणि ती पालकांवर अन्याय करणारी आहे. कुत्र्या-मांजरांच्या खाद्याचे भारतीय मानक आहे, २०१९ मध्ये ते सुधारलेही गेले. तरीही आपल्या पिशव्यांवर ‘संपूर्ण व संतुलित’ या दाव्याखाली बहुधा अमेरिकेतल्या पशुखाद्य अधिकाऱ्यांच्या संघटनेचे नाव असते. त्या संघटनेचे कोष्टक पाणी वगळून मोजलेल्या खाद्यात प्रौढ कुत्र्यासाठी किमान १८ टक्के आणि वाढत्या पिल्लासाठी २२.५ टक्के प्रथिने मागते. प्रत्यक्ष खाऊ घालून घेतलेली चाचणी असेल तर प्रौढांसाठी ती ८ कुत्र्यांवर २६ आठवडे चालते. हृदयाचा आजार हळूहळू वाढत असेल तर अशा चाचणीत तो दिसायचाच नाही.

धान्याच्या या भांडणात आपल्या घरांतली खरी चूक झाकली जाते, याची मला अधिक काळजी वाटते. दूध-चपातीवर वाढणाऱ्या पिल्लाचे पाय वाकतात तेव्हा दोष गव्हाच्या माथी मारला जातो आणि त्याला चिकन-भातावर आणले जाते. पण बिनहाडाच्या मांसातही फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नगण्य, धान्यातही तसेच. कॅल्शियम आणि फॉस्फरसचे प्रमाण १:१ ते २:१ असावे लागते, ते चिकन-भातात आपोआप येत नाही. २०१३ मध्ये अमेरिकेत कुत्र्यांसाठीच्या २०० घरगुती पाककृती तपासल्या गेल्या, तेव्हा त्यांतल्या ९५ टक्क्यांत किमान एक आवश्यक घटक कमी निघाला. घरचे खाणे वाईट असते असे यातून मी म्हणणार नाही. पशुवैद्याने वजन, वय आणि जात पाहून बांधून दिलेला भाकरी-अंडे-चिकनचा आहार, त्यात हिशेबाने घातलेले खनिज, हे कोणत्याही आयात पिशवीच्या तोडीचे असते.

उलट टोकाची चूकही इथे सर्रास होते. पिल्लांचे तयार खाद्य चालू असताना वरून कॅल्शियमची बाटली दिली जाते, हाडे भक्कम व्हावीत म्हणून. १९८० च्या दशकात नेदरलँड्समध्ये ग्रेट डेनच्या पिल्लांवर झालेल्या अभ्यासांत जास्तीच्या कॅल्शियमने सांध्यांची आणि हाडांची वाढ बिघडलेली दिसली. लहान पिल्लाचे आतडे नको असलेले कॅल्शियम पुरेसे अडवू शकत नाही. त्या आधारावर अमेरिकी कोष्टकात मोठ्या जातींच्या, म्हणजे प्रौढपणी सुमारे ३२ किलोंच्या वर जाणाऱ्या पिल्लांसाठी कॅल्शियमची कमाल मर्यादा २.५ वरून १.८ टक्क्यांवर आणली गेली. आपल्याकडे लॅब, जर्मन शेफर्ड, रॉटवायलर ही पिल्ले सर्वाधिक घेतली जातात आणि हा आकडा त्यांच्यासाठीच आहे. पिशवीच्या मागच्या बाजूला मोठ्या जातीच्या पिल्लांच्या वाढीचा उल्लेख आहे का आणि कॅल्शियमची टक्केवारी छापली आहे का, हे दुकानात उभ्या उभ्या पाहता येते. छापली नसेल तर कंपनीच्या ग्राहक क्रमांकावर विचारता येते, आणि जी कंपनी हा आकडा देत नाही तिची पिशवी परत ठेवता येते.