आजोबांच्या नावाचा ट्रस्ट नातवाच्या मालकीचा नसतो

बीड-लातूरकडं एखाद्या घराण्यानं काढलेल्या ट्रस्टबद्दल वर्षानुवर्षे ऐकू येतं, "ट्रस्ट त्यांच्या घरचाच, वसतिगृहाची जागा उद्या विकून टाकतील." परस्पर विकता येत नाही. सार्वजनिक न्यास, म्हणजे ट्रस्ट, म्हणून नोंद झाली की महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, 1950 लागू होतो. कलम 36 नुसार जमीन-इमारत विकायला किंवा बक्षीस द्यायला धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. शेतजमीन 10 वर्षांहून, इमारत 3 वर्षांहून अधिक काळ भाडेपट्ट्यानं द्यायलासुद्धा. घरातले लोक विश्वस्त असतील, मालक नाहीत.

ट्रस्ट घरचाच, या समजुतीनं खरं नुकसान गावाचं होतं, कारण मग कुणी हिशेबच विचारत नाही. धर्मादाय कार्यालयात परिशिष्ट 1 ची नक्कल मागा. विश्वस्त कोण, न्यासाची मिळकत कोणती, हे त्यात नोंदलेलं असतं.