चित्रकाराच्या जीवनावरील वाद्यमैफल : पडद्यावर चित्रे दाखवण्याविषयी

नाशिकमधील दिवाणखाने, कलादालने आणि महाविद्यालयांची छोटी सभागृहे येथे आम्ही चित्रकारांच्या आयुष्यावर आधारित वाद्यसंगीत सादर करतो. व्हायोलिन, चेलो, बासरी आणि पियानो अशी चार वाद्ये असतात, गायन नसते. नोंदणी करताना बहुतेक यजमान एकच गोष्ट विचारतात : संगीत चालू असताना मागे पडद्यावर त्या चित्रकाराची चित्रे दाखवता येतील का? काही जण तर आम्हाला न सांगताच प्रोजेक्टर भाड्याने आणून ठेवतात. मग वाद्ये सुरात मिळवण्यासाठी राखलेला वेळ वायरी जोडण्यात आणि पडदा सरळ करण्यात जातो, आणि श्रोते येऊन बसले तरी चेलोच्या तारा जुळलेल्या नसतात. म्हणून आमची पद्धत आणि तिच्यामागील कारणे येथे लिहून देत आहोत.

पडद्यासाठी दिवे मालवावे लागतात आणि वादकांना स्वरलिपी दिसेनाशी होते. प्रोजेक्टरच्या पंख्याची घरघर एरवी जाणवत नाही, पण छोट्या खोलीत चेलो एकटा हलक्या गजाने वाजत असतो, तेव्हा ती स्वरांच्या बरोबरीने ऐकू येते. ध्वनिवर्धक आम्ही वापरत नाही, त्यामुळे तिच्यावर मात करण्याचा मार्गही नाही. याहून महत्त्वाचे असे की, चित्र बदलले की सगळ्या माना एकदम पडद्याकडे वळतात आणि अर्ध्यात आलेली स्वरावली तशीच निसटून जाते.

हे संगीत चित्राशेजारी लावलेली चिठ्ठी नव्हे, असे आम्हाला मनापासून वाटते. रशियन संगीतकार मुसोर्गस्की याचा मित्र, वास्तुरचनाकार आणि चित्रकार व्हिक्टर हार्टमान, १८७३ मध्ये वयाच्या अवघ्या ३९व्या वर्षी वारला. पुढच्या वर्षी सेंट पीटर्सबर्गमध्ये हार्टमानच्या कामाचे प्रदर्शन भरले आणि त्या प्रेरणेने मुसोर्गस्कीने १८७४ च्या जून महिन्यात ‘प्रदर्शनातील चित्रे’ ही पियानोरचना लिहिली. दालनातून चालणाऱ्या माणसाची म्हणून एक धून तीत पुन्हा पुन्हा येते. कधी ती ऐटीत असते, तर मृतांविषयीच्या भागात पोहोचेपर्यंत तिची पावले जड झालेली असतात. ज्या चित्रांवरून ही रचना झाली त्यांतील बरीचशी आज उपलब्ध नाहीत, आणि शेवटच्या भागातील कीव्हचे महाद्वार तर आराखड्यातच राहिले, कधी बांधलेच गेले नाही. तरीही तो भाग वाजू लागला की श्रोत्यांना दरवाजा दिसतो. आमच्या चार वाद्यांसाठी आम्ही या रचनेतील निवडक भागांची मांडणी केली असून प्रथमच मैफल ठेवणाऱ्यांना आम्ही तीच सुचवतो.

सर्वाधिक मागणी मात्र अमृता शेरगिल यांच्यावरील आमच्या स्वतःच्या रचनेला असते. त्यांचा जन्म १९१३ मध्ये बुडापेस्टला झाला, लहानपणी सिमल्यात त्या पियानो आणि व्हायोलिन शिकल्या, आणि १९४१ मध्ये लाहोरला, वयाच्या २८व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. त्यांची आई ऑपेरागायिका होती. त्यामुळे सुरुवातीच्या भागात पियानो आणि व्हायोलिन येतात, ते केवळ सोयीसाठी नव्हे. त्यांच्या पॅरिसमधील शिक्षणाच्या भागानंतर अजिंठा येतो. तेथे पियानो थांबतो, चेलो आपल्या सर्वांत खालच्या तारेवर एक लांब स्वर धरून ठेवतो आणि त्यावर बासरी आलाप घेते. तो आलाप किती वेळ चालेल हे वादक त्या संध्याकाळी ठरवतो. नेमका याच भागासाठी यजमान लेण्यांची छायाचित्रे क्रमवार लावून आणतात. गंगापूर रोडवरील एका घरी बासरीचा आलाप रंगात असताना पडद्यावर शेरगिल यांचे १९३७ मधील ‘ब्रह्मचारी’ हे चित्र येऊन गेले आणि पुढचे चित्रही सुरू झाले. दोष कोणाचाच नव्हता. आलापाला वेळापत्रक लावता येत नाही, इतकेच.

पडद्याऐवजी आम्ही दोन सोयी देतो आणि त्यांचे वेगळे पैसे आकारत नाही. प्रत्येक श्रोत्याला रंगीत छापील पत्रक मिळते, त्यावर निवडक चित्रे, त्यांची वर्षे आणि रचनेतील भागांचा क्रम असतो. शिवाय मोठ्या आकाराच्या प्रती आम्ही चित्रे टेकवण्याच्या लाकडी घोड्यांवर (ईझलवर) लावून व्हरांड्यात किंवा प्रवेशाजवळ ठेवतो. श्रोत्यांनी अर्धा तास आधी येऊन त्या पाहाव्यात आणि मध्यंतरात चहा घेताना पुन्हा पाहाव्यात. संगीत ऐकल्यानंतर त्याच चित्रासमोर लोक अधिक वेळ थांबतात, हे आम्ही वारंवार पाहिले आहे. ज्यांना पडदा हवाच असेल त्यांच्यासाठी मैफलीपूर्वी चित्रांसह छोटे निवेदन करता येते. त्यानंतर प्रोजेक्टर बंद करावा लागेल. हे नोंदणीच्या वेळीच सांगावे, ऐन दिवशी नाही.

वाद्ये मांडून सुरात मिळवण्यासाठी खोली आम्हाला एक तास आधी रिकामी मिळावी. छताचा पंखा वादकांच्या डोक्यावर नसावा, कारण स्वरलिपीची पाने उडतात. पियानो आम्ही इलेक्ट्रॉनिक आणतो, त्यासाठी जवळ विजेची एक जोडणी पुरते. पत्रके छापायची असल्याने चित्रकाराची निवड किमान आठ दिवस आधी कळवावी. दिवाळीनंतरच्या थंडीतील शनिवार-रविवार लवकर भरतात. त्या दिवसांसाठी तारीख, श्रोत्यांची अंदाजे संख्या आणि खोलीची लांबी-रुंदी एकदमच कळवल्यास दर आणि कार्यक्रमाचा मसुदा आम्ही दुसऱ्या दिवशी पाठवतो.