हेवी-ड्युटी पिकअप ट्रक : विक्रीचे आकडे आणि ब्रँडांची स्पर्धा

हेवी-ड्युटी पिकअप म्हणजे मागे उघडा हौदा असलेला, पण नेहमीच्या पिकअपपेक्षा जास्त वजन वाहणारा आणि त्याहून जास्त ओढणारा ट्रक. हा प्रकार मुख्यतः उत्तर अमेरिकेचा. तिथे या बाजारात तीन कंपन्यांचे चार ब्रँड आहेत : फोर्डची एफ-सिरीज सुपर ड्युटी, जनरल मोटर्सच्या शेव्हरोले सिल्व्हरॅडो एचडी आणि जीएमसी सिएरा एचडी, आणि स्टेलँटिसच्या रॅम 2500 व 3500. वर्ष संपले की फोर्ड आणि जनरल मोटर्स दोघीही पहिल्या क्रमांकाचा दावा करतात. गंमत म्हणजे दोघींचे दावे एकाच वेळी खरे असू शकतात.

ट्रक हेवी-ड्युटी आहे की नाही, हे जाहिरात ठरवत नाही. ड्रायव्हरच्या बाजूचे दार उघडले की चौकटीवर एक स्टिकर दिसतो. गाडी, इंधन, माणसे आणि माल धरून जास्तीत जास्त किती वजनाला परवानगी आहे, ते त्यावर पौंडांत छापलेले असते. 8,501 ते 10,000 पौंड हा वर्ग 2-बी आणि 10,001 ते 14,000 पौंड हा वर्ग 3. म्हणजे साधारण 3,850 ते 6,350 किलो. याच पट्ट्यातले पिकअप हेवी-ड्युटी धरले जातात. 8,500 पौंडांची रेघ ओलांडली की शोरूममधल्या गाडीच्या काचेवर मायलेजचा सरकारी आकडा लावण्याचे बंधनही उरत नाही. बोलीभाषेत मात्र अजून ‘पाऊण टनी’ (फोर्डची एफ-250, इतरांच्या 2500) आणि ‘एक टनी’ (एफ-350, 3500) हीच नावे चालतात. ती जुन्या काळच्या भारक्षमतेवरून पडली; आजचे ट्रक त्याहून कितीतरी जास्त उचलतात.

आता मूळ अडचण. 2023 साली अमेरिकेत एफ-सिरीजच्या 7,50,789 गाड्या विकल्या गेल्या. या एका आकड्यात फोर्डची हलकी पिकअप एफ-150 आहे, विजेवर चालणारी लाइटनिंग आहे आणि सुपर ड्युटीही आहे. सुपर ड्युटी 1999 च्या मॉडेल-वर्षासाठी एफ-150 पासून वेगळी काढली गेली. तिचा सांगाडा वेगळा, कारखाना वेगळा, गिऱ्हाईकही बरेचसे वेगळे. विक्रीच्या तक्त्यात मात्र दोघी एकाच ओळीत. रॅमचेही तसेच : हलकी 1500 आणि भारी 2500-3500 मिळून एकच ‘रॅम पिकअप’. जनरल मोटर्स तेवढी आपल्या तिमाही तक्त्यात हलक्या, हेवी-ड्युटी आणि त्याहूनही जड अशा ‘मध्यम’ ट्रकांच्या ओळी वेगळ्या दाखवते. त्यामुळे कंपन्यांच्या तक्त्यांवरून हेवी-ड्युटीची थेट तुलना मांडायला बसलेल्या माणसाच्या हातात एका बाजूचे धान्य निवडलेले असते आणि दोन बाजूंची मिसळ.

पहिल्या क्रमांकाच्या भांडणाचे मूळही मोजणीतच आहे. त्याच 2023 साली सिल्व्हरॅडोचा आकडा सुमारे 5 लाख 55 हजार होता आणि सिएराचा सुमारे 2 लाख 96 हजार. नाव धरून मोजले तर फोर्ड बरीच पुढे. कंपनी धरून मोजले तर जनरल मोटर्स साडेआठ लाखांवर जाते आणि फोर्ड मागे पडते. सिल्व्हरॅडो एचडी आणि सिएरा एचडी मुख्यतः मिशिगनमधल्या फ्लिंटच्या एकाच कारखान्यात, एकाच सांगाड्यावर बनतात. चेहरा, आतली सजावट आणि किंमत यांत फरक. तांत्रिकदृष्ट्या त्यांना एकच ट्रक म्हणावे, अशा मताचा प्रस्तुत लेखक आहे. पण जीएमसी घेणारा गिऱ्हाईक चार पैसे जास्त मोजून शेव्हरोलेपेक्षा वेगळे काहीतरी घेतो, आणि ते वेगळेपण विकण्यावरच जीएमसीचे पोट आहे. तेव्हा ‘दोन ब्रँड’ हेही खोटे नाही.

एकत्र आकड्याने तिसऱ्या कंपनीचे चित्र तर अधिकच धूसर होते. 2019 साली रॅमने 6,33,694 पिकअप विकून सिल्व्हरॅडोला मागे टाकले. 2024 पर्यंत हाच आकडा सुमारे 3 लाख 73 हजारांवर आला. ही घसरण भारी ट्रकांची किती आणि हलक्या 1500 ची किती, ते या बेरजेतून कळत नाही.

अशा वेळी आडवाटेने आलेले आकडे उपयोगी पडतात. रॅमच्या भारी ट्रकांत 1989 पासून (तेव्हा नाव डॉज) कमिन्स या इंडियानातल्या कंपनीचे डिझेल इंजिन मिळते, आणि अनेक गिऱ्हाइके ट्रकपेक्षा त्या इंजिनासाठीच तिकडे वळतात. पुणेकरांना हे नाव परके नाही. किर्लोस्कर-कमिन्सची भागीदारी पुण्यात 1962 सालची. डिसेंबर 2023 मध्ये प्रदूषण-नियंत्रणात फेरफार केल्याच्या आरोपावरून कमिन्सने अमेरिकी सरकारशी तडजोड केली आणि 1.675 अब्ज डॉलरचा दंड मान्य केला. सरकारी निवेदनात एक आकडा होता : 2013 ते 2019 या मॉडेल-वर्षांच्या रॅम 2500 आणि 3500 मधली सुमारे 6,30,000 इंजिने. सात वर्षांनी भागले तर वर्षाला सरासरी 90 हजार डिझेल हेवी-ड्युटी ट्रक. विक्रीच्या तक्त्यात जे झाकलेले होते ते दंडाच्या कागदावर उघडे पडले.

‘विकली’ या शब्दाचा अर्थही तपासून घ्यावा लागतो. गाडी कारखान्यातून डीलरकडे निघाली की कंपनीच्या हिशेबात महसूल धरला जातो; विक्रीच्या आकड्यात मात्र ती डीलरने गिऱ्हाइकाला दिल्यावर यायला हवी, आणि ते कळवतो डीलर. (भारतात सियाम या वाहन-उत्पादकांच्या संघटनेचे आकडे डीलरकडे पाठवलेल्या गाड्यांचे आणि फाडा या डीलरांच्या संघटनेचे आरटीओ नोंदणीचे असतात; दसरा-दिवाळीच्या तोंडावर दोहोंत केवढी तफावत पडते हे वाहनधंद्यातले लोक जाणतात.) ज्याच्या कळवण्यावर आकडा उभा, त्याच्याकडून तो फुगवूनही घेता येतो. रॅमची तेव्हाची मालक फियाट क्रायस्लर वर्षानुवर्षे ‘सलग वाढीचे महिने’ जाहीर करत होती. सप्टेंबर 2019 मध्ये अमेरिकेच्या रोखे आयोगाने ठपका ठेवला की कंपनीने डीलरांना पैसे देऊन खोट्या विक्री कळवायला लावल्या आणि चांगल्या महिन्यांतल्या खऱ्या विक्री राखून ठेवून वाईट महिन्यांत वापरल्या. वाढीची ती माळ प्रत्यक्षात सप्टेंबर 2013 मध्येच तुटली होती. कंपनीने आरोप मान्य किंवा अमान्य न करता 4 कोटी डॉलर भरले.

म्हणून जाणकार नोंदणीचे आकडे पाहतात. नंबरप्लेट मिळालेली गाडी खोटी ठरवणे अवघड असते, शिवाय नोंदणीत वजनाचा वर्ग वेगळा काढता येतो. पण हे आकडे बहुधा विकत घ्यावे लागतात, आणि कंपनी त्यांतला सोयीचा तेवढाच तुकडा जाहिरातीत वापरते.

कमी विक्री म्हणजे कमी मागणी, हा समज या वर्गात विशेष फसवा आहे. सुपर ड्युटी मुख्यतः केंटकी राज्यातल्या लुईव्हिलच्या कारखान्यात बनते. तिथून सुमारे दर 37 सेकंदांना एक गाडी बाहेर पडते आणि वर्षाला 25 अब्ज डॉलरचा महसूल उभा राहतो, असे फोर्डनेच सांगितले. तेही ऑक्टोबर 2023 मध्ये तिथले 8,700 कामगार संपावर गेले तेव्हा. (याच कारखान्यात फोर्डच्या मोठ्या एसयूव्हीही बनतात.) संपात न बनलेला ट्रक तक्त्यात ‘न विकलेला’ दिसतो. 2021 च्या चिपटंचाईत तर ट्रक बनूनही विकता येत नव्हते. केंटकी स्पीडवे या शर्यतीच्या मैदानाच्या पार्किंगमध्ये नवेकोरे सुपर ड्युटी रांगांनी उभे होते, एका चिपसाठी अडलेले. जुलै 2024 मध्ये फोर्डने कॅनडातल्या ओकव्हिल इथे, जिथे आधी विजेवरची एसयूव्ही बनायची होती, 2026 पासून वर्षाला एक लाखापर्यंत जादा सुपर ड्युटी बनवण्याची योजना जाहीर केली. आधीचे कारखाने पूर्ण क्षमतेने चालूनही मागणी पुरी होत नव्हती. म्हणजे आधीच्या काही वर्षांचा आकडा गिऱ्हाइकाच्या आवडीइतकाच कारखान्याच्या आवाक्याचाही होता.

गिऱ्हाईक कोण, हा प्रश्न उरतोच. वीजकंपन्या, सरकारी खाती, बांधकाम ठेकेदार यांची घाऊक खरेदी इथे मोठी असते. मोटारींच्या धंद्यात भाड्याच्या ताफ्याला गाड्या विकाव्या लागणे हे कमजोरीचे लक्षण मानतात. भारी ट्रकांत उलटे आहे. शंभर ट्रकांचा ताफा सांभाळणारा माणूस सुटे भाग, दुरुस्ती आणि पुनर्विक्रीची किंमत पाहून घेतो आणि सहसा ब्रँड बदलत नाही. फोर्डच्या व्यावसायिक वाहनांच्या विभागाने 2023 साली व्याज व करपूर्व 7.2 अब्ज डॉलर नफा कमावला, त्याच वर्षी विजेच्या गाड्यांच्या विभागाला 4.7 अब्जांचा तोटा झाला. सुपर ड्युटी हा त्या नफ्याचा एक मोठा आधारवड. दुसऱ्या टोकाला घोड्यांचा किंवा फिरत्या घराचा ट्रेलर ओढणारे हौशी मालक आहेत. कागदावरच्या ताकदीची चढाओढ बरीचशी त्यांच्यासाठी चालते : 2019 च्या रॅमने टॉर्क, म्हणजे इंजिनाच्या पिळाचा जोर, 1,000 पौंड-फुटांवर नेला, 2020 च्या सुपर ड्युटीने 1,050 वर, आणि 2023 मध्ये ती 1,200 वर पोचली. त्या वर्षीची सुपर ड्युटीतली एफ-450 योग्य जोडणीसह 40,000 पौंड, म्हणजे सुमारे 18 टन ओढू शकते. एवढे ओझे रोज ओढणारा मालक विरळा.

जपानी कंपन्या या वर्गात नाहीत. आयात हलक्या ट्रकांवर 1964 पासून असलेला 25 टक्के कर हे त्याचे एक कारण म्हणून सांगतात, पण टोयोटा टंड्रा अमेरिकेतच बनते आणि तरीही हेवी-ड्युटीत उतरलेली नाही. निस्सानने टायटन एक्सडीत कमिन्सचे डिझेल बसवून दोन वर्गांच्या मधली जागा धरून पाहिली. काही वर्षांतच ते इंजिन बंद झाले आणि 2024 मध्ये टायटनचे उत्पादनही थांबले.