इटालियन अरमची पाने हिवाळ्यात छाटू नयेत

सोलापुरातील बागप्रेमींमध्ये असा समज दृढ आहे की, अळूच्या कुळातील शोभेच्या कोणत्याही झाडाची पाने थंडी सुरू होताच बुडापासून कापली, तर कंद चांगला पोसतो. येथील कुंड्यांतल्या कॅलेडियमची (रंगीत पानांच्या शोभेच्या अळूची) पाने हिवाळ्यात आपोआप सुकतात आणि कंद विश्रांती घेतो, त्यावरून हा नियम निघाला असावा. मात्र इंग्लंडमध्ये राहणाऱ्या मुलाबाळांना त्यांच्या बागेतील इटालियन अरम या अळूच्याच कुळातील शोभेच्या झाडासाठी तोच सल्ला कळवणे त्या झाडाला हानिकारक ठरते.

या अरमचे ऋतुचक्र नेमके उलटे आहे. त्याची पांढरट शिरांची पाने शरद ऋतूत उगवतात, हिवाळाभर हिरवी राहून कंदात अन्न साठवतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी स्वतःहून सुकतात. कडाक्याच्या थंडीत दव गोठले की ती जमिनीवर लोळतात, पण मेलेली नसतात. ऊब मिळताच पुन्हा उभी राहतात. अशा वेळी कात्री चालवणे म्हणजे कंदाचे अन्नच तोडणे होय.

खरे तर या झाडाला वेगळी छाटणी लागतच नाही. पाने पूर्ण पिवळी पडल्यावर बुडाशी कापावीत, एवढे पुरे. पुढे उघड्या दांड्यांवर येणारी नारिंगी-लाल फळे देखणी असली तरी विषारी आहेत आणि पक्ष्यांमार्फत त्यांचे बी दूरवर पसरते. म्हणून घरात लहान मुले असतील, तर दांडे फळे पिकण्यापूर्वीच काढावेत. रसातील कॅल्शियम ऑक्झलेटच्या सूक्ष्म स्फटिकांमुळे, अळू चिरताना येते तशी खाज सुटते, यास्तव हातमोजे अवश्य घालावेत.