‘कोडिंग रक्तातच लागतं’ हा दावा कधीच मागे घेतला गेलाय

बारावीनंतर कॉम्प्युटर घ्यावं की नको या पेचात असलेल्या मुलामुलींना हमखास ऐकवलं जातं: कोडिंग ज्याला येतं त्याला येतं, बाकीच्यांनी नाद सोडावा. वर ‘संशोधनाने सिद्ध झालंय’ अशी पुस्तीही जोडतात.

ते संशोधन २००६ सालचं. लंडनच्या मिडलसेक्स विद्यापीठातले सईद देहनादी आणि रिचर्ड बोर्नाट यांनी म्हटलं होतं, की शिकवायला सुरुवात करण्याआधीच एका छोट्या चाचणीवरून कोण प्रोग्रामिंग शिकेल ते ओळखता येतं. दावा जगभर पसरला. पण २०१४ मध्ये खुद्द बोर्नाट यांनी तो जाहीरपणे मागे घेतला. ही बातमी मात्र तितकी पसरली नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

‘जमणारे’ आणि ‘न जमणारे’ असे दोन गट खरंच असते, तर गुणांच्या आलेखात दोन उंचवटे दिसले असते. कॅनडात एका मोठ्या विद्यापीठातल्या कॉम्प्युटर विषयांच्या ७७८ वर्गांचे निकाल तपासले गेले. असे उंचवटे जेमतेम ५.८ टक्के वर्गांच्या निकालांत सापडले.

मग वर्गात काहीजण पुढे का दिसतात? बहुतेकदा ते आधी शिकून आलेले असतात. कॅलिफोर्नियातल्या हार्वे मड कॉलेजने अनुभवी आणि नवख्या विद्यार्थ्यांचे वर्गच वेगळे केले, अभ्यासक्रमही बदलला. कॉम्प्युटर सायन्स घेणाऱ्यांत मुलींचं प्रमाण काही वर्षांत सुमारे १० टक्क्यांवरून ४० टक्क्यांपर्यंत गेलं.

गणित लागतंच. पण त्यातलं बरंचसं, तर्क, संच, आलेख, पहिल्या वर्षांतच मुळापासून शिकवतात. शंका असेल तर प्रवेशाआधीच्या सुट्टीत पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेत छोटे प्रोग्राम लिहून बघा. चुका शोधताना तासन्‌तास गेले तरी घाबरू नका, कसलेल्या प्रोग्रामरचेही जातात.